जांभळी प्रूफं

काळी म्हणून घेतलेली शाई कागदावर जांभळी उमटली तर गृहस्थानं काय करावं, या विषयावर मी तासभर बोलू शकतो. कुणी विचारत नाही, एवढीच अडचण आहे. हल्ली कुणाला काही छापायचंच नसतं. सगळं फोनमध्ये असतं आणि फोन हातात असतो. पण मी सांगतोय त्या काळी घरात प्रिंटर असणं ही साधी गोष्ट नव्हती. आमच्या इमारतीत तो फक्त आमच्याकडे होता. त्यामुळे जिन्यात लोक माझ्यासाठी अंग चोरून वाट द्यायचे, आणि मीही जरा सावकाश चढायचो.

प्रिंटर आम्ही विकत घेतला होता असं मात्र नाही. ताईच्या नवऱ्यानं, म्हणजे आमच्या दाजींनी, नवा संगणक घेतला. त्याच्यावर तो फुकट मिळाला होता. त्यांच्याकडे आधीचा एक होताच, म्हणून दाजींनी हा खोक्यासकट आणि वॉरंटीच्या कार्डासकट आमच्या दारात आणून ठेवला. फुकटची वस्तू घरात आली की तिला काम शोधावं लागतं. तसं ते मी शोधलं.

आमचे बाबा छत्तीस वर्षं एका छापखान्यात प्रूफं तपासत होते. शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, सरकारी अर्ज, कविता, काय वाटेल ते. हजारो पुस्तकं त्यांच्या नजरेखालून गेली आणि एकावरही त्यांचं नाव नाही, कारण प्रूफं तपासणाऱ्याचं नाव छापत नाहीत. चूक राहिली की मात्र त्यालाच नावानं हाक मारतात, असं ते सांगायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी चार वह्यांमध्ये छापखान्याच्या आठवणी लिहून काढल्या, पहिल्या वहीवर 'नजरचूक' असं नाव घातलं आणि वह्या माळ्यावर टाकल्या. त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की काचबिंदू पुढे सरकतोय, वाचण्यापुरतं दिसेल ते आणखी दोनएक वर्षं. चार महिन्यांनी बाबांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. मी ठरवलं की त्या दिवशी त्यांच्या हातात त्यांचं पुस्तक द्यायचं, मुखपृष्ठावर त्यांचं नाव असलेलं, आणि ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यायला हवं. एवढीच माझी इच्छा होती. यात शाईचा काही संबंध येईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तीन आठवडे मी कचेरीतून आल्यावर आमच्या जुन्या संगणकावर दोन बोटांनी वह्या टाइप करत होतो. अठ्ठेचाळीस पानं झाली. ती मी छापली, आणि इथे माझ्या हातून पहिली आणि सगळ्यांत मोठी चूक झाली. मी ती पानं बाबांना दाखवली. कसं दिसतंय ते बघा, एवढंच म्हणालो.

प्रूफं तपासलेल्या माणसाला छापलेला कागद बघता येत नाही. त्याला तो तपासताच येतो. आमच्या घरी औषधाच्या खोक्यातली घडीची चिठ्ठीसुद्धा लाल खुणांशिवाय केराच्या टोपलीत जात नसे. विजेचं बिल आधी दुरुस्त व्हायचं आणि मग भरलं जायचं. माझ्या लग्नाच्या दिवशी पाहुणे जमल्यावर बाबांनी निमंत्रणपत्रिकेत एक सुटलेली वेलांटी पकडली आणि पुढचा तासभर ते नवरदेवापेक्षा जास्त अस्वस्थ होते. अशा माणसाच्या हाती मी दोन बोटांनी टाइप केलेली अठ्ठेचाळीस पानं दिली होती.

बाबांनी चष्म्याच्या पेटीतून लाल पेन्सिल काढली. ती तिथे आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मग त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसवलं, पहिली वही माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हं, वाच."

ही त्यांची कामाची रीत. एकानं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्यानं प्रुफावर नजर ठेवायची. लहानपणी बाबा काम घरी आणायचे तेव्हा वाचायला मीच असायचो. मला ही सवय इतकी लागली होती की शाळेत धडा वाचायला उभा राहिलो आणि 'एक होता राजा स्वल्पविराम' असं वाचलं. वर्ग हसला. मास्तरांनी बाबांना बोलावून घेतलं, तर बाबांनी आधी विचारलं की तिथे स्वल्पविराम होता का. चाळीस वर्षांनी पुन्हा त्याच खुर्चीत बसून मी स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद असं वाचायला लागलो. स्वयंपाकघरातून बायको हसू दाबून बघत होती. मी डोकं वर केलं नाही.

पहिल्या प्रुफात तीनशे बारा चुका निघाल्या. दुसऱ्या प्रुफात माझ्या चुका कमी झाल्या, तेव्हा बाबांनी स्वतःच्या काढायला सुरुवात केली. हे वाक्य लांबलंय, हा फोरमन इथे उगाच आलाय, ही आठवण दोन पानं आधी हवी. वहीतलं पुस्तक बाजूला राहिलं आणि समासातल्या लाल अक्षरांत दुसरंच पुस्तक तयार व्हायला लागलं. मी दुरुस्त करून छापायचो, ते तपासून परत द्यायचे. तिसऱ्या प्रुफाच्या एकोणिसाव्या पानावर शाई संपली.

मूळ कंपनीच्या शाईची किंमत दुकानदारानं सांगितली तेव्हा मला वाटलं तो प्रिंटरची सांगतोय. मी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तीच सांगितली. फुकटात मिळालेली वस्तू महिन्याला इतका खर्च करायला लावते हे माझ्या तत्त्वात बसेना. बायको म्हणाली की अस्सल घ्या आणि मोकळे व्हा. यावर मी तिला काटकसर आणि चिक्कूपणा यांतला फरक समजावून सांगितला. तो तिला आधीपासून माहीत होता असं तिच्या चेहऱ्यावरून वाटलं.

मंडईमागच्या गल्लीत एका घड्याळजीच्या दुकानाचा अर्धा भाग भाड्यानं घेऊन एक गृहस्थ बसायचा. पाटी होती, 'सर्व प्रिंटरची शाई. निम्म्या दरात.' त्याच्या दहा बोटांना दहा रंग होते. मी हे माझ्या मशीनला चालेल का असं विचारलं, तर तो दुखावला. शाईला कंपनी नसते साहेब, शाई ती शाई, असं त्यानं इतक्या खात्रीनं सांगितलं की मला माझीच लाज वाटली. शाईच्या सहा डब्या, म्हणजे कार्ट्रिज, घेतल्या तर सातवी फुकट होती. मी सहा घेतल्या.

प्रिंटरला मात्र आत काय घातलंय ते लगेच कळलं. पडद्यावर एक चौकट आली. ही शाई अस्सल नाही, पुढे जे होईल त्याला आम्ही जबाबदार नाही, तरी पुढे जायचं आहे का, अशा अर्थाचं काहीतरी. आयुष्यात मी इतक्या गंभीरपणे 'होय' क्वचितच म्हटलं असेल. मग पहिलं पान बाहेर आलं आणि ते जांभळं होतं. रंगाचं चाललं असतं. पण अक्षरांच्या डोक्यावरची रेघच कुठे उमटली नव्हती. दोरी काढून घेतल्यावरही कपडे हवेत लटकत राहावेत तशी ओळीच्या ओळी अक्षरं लोंबत होती.

बाबांनी ते पान उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं आणि कामाला लागले. छापखान्यात झिजलेलं अक्षर दिसलं की समासात फुली मारतात. बाबांनी प्रत्येक अक्षरासाठी एक फुली मारली. पानाच्या शेवटी टीप लिहिली, 'जुळाऱ्यास सूचना: झिजलेले खिळे बदलावेत.' जुळारी म्हणजे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवून मजकूर लावणारा कामगार, आणि आमच्या घरात तो मी होतो. मी समजावून सांगितलं की यात खिळे नसतातच. ते म्हणाले, ते दिसतंयच.

खालच्या मजल्यावर लिफ्ट दुरुस्तीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ राहायचे. त्यांना सगळी इमारत 'तज्ज्ञ' म्हणायची आणि तेही त्या नावाला ओ द्यायचे. इमारतीत काहीही बिघडलं की ते न बोलावता येत, अगदी नातेसंबंधसुद्धा. त्यांनी जांभळी पानं पाहून मान हलवली आणि निदान केलं की शाईला ऊब लागली आहे. म्हणून कार्ट्रिज एक रात्र फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळी बायकोला ते दुधाशेजारी सापडलं. तिनं मला चहा काळा दिला. थंडीनं गुण आला नाही तेव्हा तज्ज्ञांनी निदान बदललं. आत शाई पुरेशी नाही, वरून टोचून भरायला हवी.

त्यासाठी इंजेक्शनची सिरिंज लागणार होती. औषधाच्या दुकानातल्या बाईंनी कुणाला टोचायचं आहे असं विचारलं. खोटं बोलायची मला सवय नाही, म्हणून प्रिंटरला म्हणालो. त्यांनी काऊंटरवर ठेवलेली सिरिंज हळूच मागे ओढली आणि चिठ्ठी मागितली. माझ्या मागे चार माणसं रांगेत होती. त्यातल्या एका आजींनी कुठे दुखतंय असं मायेनं विचारलं. अखेर मी सगळी हकीकत सांगितली, पुस्तक, बाबा, डोळे, शाई. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी सिरिंज दिली, पण सुई काढून ठेवली. खबरदारी म्हणून, असं म्हणाल्या.

सुई तज्ज्ञांच्या घरात निघाली. ती कशासाठी होती हे मी विचारलं नाही. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून आम्ही शस्त्रक्रिया केली. तज्ज्ञ टोचत होते, मी धरलं होतं, बाबा खुर्चीतून देखरेख करत होते. शाई आत जाईना म्हणून तज्ज्ञांनी जोर लावला. ती आत गेली आणि दुसऱ्या भोकातून तेवढ्याच जोरानं बाहेर आली. तज्ज्ञ लिफ्टच्या कामातले असल्यामुळे वेळेवर बाजूला झाले. मी झालो नाही.

साबण, लिंबू, रॉकेल, सगळं झालं. चेहरा निघाला, पण हात कोपरापर्यंत जांभळेच राहिले. सोमवारी मी पूर्ण बाह्यांचा सदरा घालून कचेरीत गेलो, पण टपाल घेताना हात लपवून भागत नाही. आवक-जावक विभागात बावीस वर्षं मी मान खाली घालून काम केलं होतं. त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या मजल्यांवर बातमी पसरली होती की मला पकडलं. लाच घेणाऱ्याला पकडण्यासाठी नोटांना पूड लावतात आणि मग त्याचे हात पाण्यात बुडवले की रंगतात, हे सगळ्यांना माहीत होतं. आता सांगायला हरकत नाही, बावीस वर्षांत मला कुणी साधा पेनसुद्धा देऊ केला नव्हता. टपालाला शिक्का मारणाऱ्याला कोण लाच देणार? पण त्या आठवड्यात लोक माझ्याशी वेगळ्याच आदरानं वागले. साहेबांनी खुर्ची दिली आणि रक्कम किती होती ते हळू आवाजात विचारलं. शाईचं खरं सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला.

या शस्त्रक्रियेनंतर प्रिंटर बंद पडला. नुसता घरघरायचा आणि लाल दिवा लावून बसायचा. वाढदिवसाला पाच आठवडे उरले होते आणि तशाच जांभळ्या छपाईत पुढे सरकलेलं सहावं प्रूफ बाबांच्या टेबलावर अर्धवट पडलं होतं. मी वॉरंटीचं कार्ड शोधून काढलं आणि कंपनीच्या तक्रार केंद्रात गेलो. दोन तासांनी नंबर लागला. खिडकीतल्या बाई कार्ड बघून म्हणाल्या की हे तुमच्या नावावर नाही. ते दाजींच्या नावावर होतं. दाजींचं संमतीपत्र आणि तक्रारीचा अर्ज, दोन्ही छापील आणा. हातानं लिहिलेलं घेत नाही. मी म्हणालो, प्रिंटर बंद आहे. त्या म्हणाल्या, म्हणूनच तर अर्ज करायचा. मग त्यांनी विचारलं की शाई अस्सलच वापरली होती ना, आणि मी दोन्ही हात खिशात घातले.

अर्ज छापून घ्यायला मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. त्या माणसानं अर्ज छापला, माझ्या हातांकडे पाहिलं आणि चौकशी केली. मी सांगितलं. तो म्हणाला की एवढंच ना, फाइल आणून द्या, अठ्ठेचाळीस पानं, दहा प्रती, शिवून, काळ्या शाईत, चहा पिऊन होईपर्यंत देतो. आणि त्यानं जो दर सांगितला तो माझ्या सहा कार्ट्रिजांपेक्षाही कमी होता. मी अर्ज खिशात घातला आणि घराकडे निघालो. रस्ताभर मला स्वतःचा राग येत होता, पण पुस्तक वेळेत होणार म्हणून आनंदही होत होता.

बाबा खिडकीशी बसून सहाव्या प्रुफाची उरलेली पानं पुन्हा बघत होते. मी बातमी सांगितली. त्यांनी पेन्सिल थांबवली.

"म्हणजे आता प्रूफ नाही?"

"नाही बाबा. आता थेट पुस्तकच."

"बरं झालं," ते म्हणाले. मग त्यांनी लाल पेन्सिल चष्म्याच्या पेटीत ठेवली, पेटी मिटली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. समोर दुसऱ्या इमारतीची भिंत होती.

मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला विचारलं की बाबांना आनंद कसा नाही झाला. ती भाजी चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"त्यांना पुस्तक नकोय," ती म्हणाली. "त्यांना प्रूफं हवीत. दिसतंय तोवर."

मी तिथेच पाटावर बसलो. गेले तीन महिने मी शाईच्या मागे धावत होतो आणि बाबा सकाळी सातला दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खिडकीशी बसत होते. निवृत्त झाल्यापासून बारा वर्षांत त्यांनी घरी इस्त्रीचा सदरा घातला नव्हता. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला दिसलं नव्हतं. काचबिंदू बाबांना झाला होता, पण आंधळा मी होतो, असं मला त्या क्षणी वाटलं. बायकोनं मला हे आधीच दिसायला हवं होतं असं म्हटलं नाही, आणि त्याबद्दल मी अजून तिचा ऋणी आहे.

थोड्या वेळानं मी बाहेर आलो आणि सांगितलं की झेरॉक्सवाल्याचा आत्ताच फोन आला होता, त्याचं मशीन बिघडलंय, महिनाभर तरी नाही होणार. आपल्याला घरीच छापावं लागेल. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी जन्मभर चुका पकडल्या होत्या. ही त्यांनी सोडून दिली.

"मग ते सहावं पुरं करू," ते म्हणाले आणि पेटी उघडली.

प्रिंटर तज्ज्ञांनीच जागेवर आणला हे मला कबूल करायला हवं. दोन दिवस ते आमच्याकडे ठाण मांडून बसले, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन त्यांनी त्याचं तोंड धुतलं, आणि तो पुन्हा जांभळं छापायला लागला. अस्सल शाई मी मुद्दाम आणली नाही. निम्म्या दरातल्या शाईत दर पानाला काहीतरी हमखास बिघडायचं, आणि बिघडलेलं पान पुन्हा छापावं लागायचं, आणि पुन्हा छापलं की पुन्हा तपासावं लागायचं. सातवं प्रूफ झालं. आठवं झालं. आवश्यकता नसताना मीही अधूनमधून एखादा काना खाल्ला. बाबा तो पकडायचे आणि माझ्याकडे असे बघायचे की मला वाटायचं, त्यांना सगळं माहीत आहे. नवव्या प्रुफाला वाढदिवस चार दिवसांवर आला. तेव्हा त्यांनी स्वतःच शेवटच्या पानाखाली लिहिलं, 'छापण्यास हरकत नाही.' खाली सही केली.

दहा प्रती छापल्या. त्यांतल्या तीन जांभळ्या होत्या, पाच करड्या, आणि दोन पहिल्या पानावर काळ्या असून शेवटाकडे हिरव्या होत गेल्या होत्या. बायकोनं दाभण घेऊन त्या शिवल्या. मुखपृष्ठावर बाबांचं नाव होतं.

वाढदिवसाला ताई आणि दाजी आले, तज्ज्ञ आले, आणि छापखान्यातले हयात असलेले सात जण आले. चार जुळारी, दोन यंत्रावरचे आणि एक बाबांसारखेच प्रूफं तपासणारे. मी चार शब्द बोललो. भाषण चांगलं झालं असं माझं मत आहे. मग बाबांनी एकेकाला प्रत दिली. टाळ्या व्हाव्यात म्हणून मी जरा थांबलो. टाळ्या झाल्या नाहीत. खोली अगदी शांत झाली. सातही म्हातारे माना खाली घालून वाचत होते. आधी एकानं खिशातून पेन्सिल काढली. मग दुसऱ्यानं. ताईनं आणलेला चहा निवत राहिला. मी दाजींकडे बघितलं, दाजींनी छताकडे बघितलं. मी चार महिने खपलो, हात रंगवून घेतले, कचेरीत लाचखोर ठरलो, आणि माझ्या डोळ्यांदेखत सात माणसं माझ्या पुस्तकावर फुल्या मारत होती.

पान नऊवरच्या एका अनुस्वारावरून तिघांचं वाजलं. सगळ्यांत वयस्क जुळारी म्हणाले की ही शाई कुठली, हिच्यापेक्षा काजळी बरी. बाबा खुर्ची ओढत एकाकडून दुसऱ्याकडे जात होते. वाद घालत होते, हरत होते, पुन्हा वाद घालत होते. माझ्याजवळ आले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

"आजवर मी दुसऱ्यांच्या काढल्या," ते म्हणाले. "माझ्या चुका आज पहिल्यांदा कुणी काढतंय."

त्या सात प्रतींमधल्या दुरुस्त्या एका प्रतीत उतरवायला बाबांना पुढचं जवळजवळ वर्ष लागलं. दुसऱ्या आवृत्तीची तयारी असं ते म्हणायचे. दिवसाला पान, मग अर्धं पान, मग चार ओळी. दोन नाही, अडीच वर्षं त्यांना दिसलं. त्यातलं शेवटचं अर्धं वर्ष ते भिंगातून वाचायचे. मग एक दिवस त्यांनी पेन्सिल पेटीत ठेवली आणि पेटी माझ्याकडे दिली. आमचा संगणक त्याआधीच आतल्या पुस्तकासकट बंद पडला होता, प्रिंटरही भंगारात गेला होता. त्याचं मला वाईट वाटलं, हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी त्यांना 'नजरचूक' वाचून दाखवायचो. लाल दुरुस्त्या उतरवलेल्या त्यांच्याच प्रतीतून, विरामचिन्हांसकट. ती प्रत कायम खिडकीशेजारच्या टेबलावर असायची. तिथे ऊन यायचं. निम्म्या दराच्या शाईबद्दल त्या गृहस्थानं मला बरंच सांगितलं होतं, पण ती उन्हात टिकत नाही हे सांगितलं नव्हतं. आधी जांभळ्याचं गुलाबी झालं. मग गुलाबीचं पिवळट. दर रविवारी मी पान जरा आणखी जवळ धरायचो, आणि एका रविवारी बारावं पान उघडलं तर ते कोरं होतं. म्हणजे छापलेलं काहीच उरलं नव्हतं. उरल्या होत्या फक्त लाल खुणा. पांढऱ्या कागदावर इथे एक काना, तिथे एक बाण, समासात फुली.

"थांबलास का?" बाबांनी विचारलं.

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण त्यांनी माझं एक खोटं आधीच सोडून दिलं होतं.

"शाई उडालीय, बाबा. काही दिसत नाही. तुमच्या खुणा तेवढ्या राहिल्यात." मी उठलो. "थांबा, माळ्यावरच्या वह्या काढतो."

"वह्यांत जुनं आहे. ते नको." त्यांनी हातानं मला बस म्हणून खुणावलं. "खुणा दिसतायत ना? त्या वाच."

मी बसलो. पान दोन्ही हातांनी धरलं आणि वाचलं, "पान बारा. वरून चौथ्या ओळीच्या जागी, डावीकडे, एक काना घातलाय."

बाबांनी डोळे मिटले. मग बोटानं खुर्चीच्या हातावर ओळ मोजत गेल्यासारखं करून त्यांनी सांगायला सुरुवात केली, "त्या दिवशी सकाळपासून यंत्र बंद होतं, स्वल्पविराम, म्हणून आम्ही सगळे दारात उन्हाला बसलो होतो, पूर्णविराम."

मी पुढची खूण वाचली.